वेशीबाहेरचा वीर

हर्क्युलिस हे नाव आपल्याकडे सायकलीवर आहे, व्यायामशाळांच्या पाट्यांवर आहे, हवाई दलाच्या मालवाहू विमानावरही आहे. ताकदीचा शिक्का म्हणून ते चालतं. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांत त्याचे बारा पराक्रम असतात. सिंह, नऊ तोंडांचा जलसर्प, रानडुक्कर, वर्षानुवर्षं न झाडलेल्या गोठ्यांची सफाई. याच माणसाने आपल्या बायकोला आणि मुलांना स्वतःच्या हातांनी मारलं, हे त्या पुस्तकांत नसतं. ग्रीकांनी ते लपवलं नाही. आपल्या सगळ्यांत लाडक्या वीराला त्यांनी देवपद दिलं आणि त्याच्या घरात पडलेल्या प्रेतांची गोष्ट भर दिवसा, हजारो नागरिकांसमोर, सरकारी खर्चाच्या उत्सवात रंगवली.

ही कथा ‘बिचाऱ्या वीराची शोकांतिका’ म्हणून वाचली की डोळे पाणावतात आणि पुस्तक मिटतं. माझ्या मते ती एका समाजाविरुद्धची फिर्याद आहे. हा समाज आपली रक्ताची कामं एकाच्या अंगावर टाकतो, लांबून त्याचा जयजयकार करतो, आणि तो माणूस घरी परतल्यावर कसा जगणार हा प्रश्न त्याच्या घरच्यांच्या पदरात घालून मोकळा होतो. युद्धं, चकमकी, सीमा, बंदोबस्त हे सगळं जोवर आहे तोवर हा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पदकांनी देता येत नाही, असं माझं म्हणणं.

आधी कथेच्या क्रमाकडे बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. हेराक्लीसची (हे त्याचं ग्रीक नाव, हर्क्युलिस हा रोमनांचा उच्चार) आपल्यापर्यंत आलेली प्रचलित कथा अशी: तो देवराज झ्यूसचा, पण दुसऱ्याच्या बायकोपासून झालेला मुलगा. झ्यूसची राणी हेरा त्याच्यावर जन्मापासून डूख धरून. तिने त्याला वेड लावलं, त्या भरात त्याने पोटची पोरं मारली. भानावर आल्यावर तो डेल्फीला गेला. तिथल्या देववाणीने त्याला टिरिन्सला जाऊन युरिस्थिअस राजाची बारा वर्षं चाकरी करायला सांगितलं. त्या चाकरीतली कामं म्हणजे ते पराक्रम. मग यथावकाश मृत्यू, चिता, देवपद. पाप, प्रायश्चित्त, उद्धार. कीर्तनात बसेल असा हिशेब आहे, आणि म्हणूनच तो सोयीचा आहे. या क्रमात पराक्रम हे औषध ठरतं. हिंसेने घर जळलं, तर आणखी हिंसेने, फक्त ती योग्य प्राण्यांवर आणि योग्य शत्रूंवर केली की, माणूस शुद्ध होतो.

इ.स.पू. 416च्या सुमारास अथेन्सचा नाटककार युरिपिडीस याने ‘हेराक्लीस’ लिहिलं आणि हा क्रम उलटा केला. त्याच्या नाटकात पराक्रम आधी होतात, सगळेच्या सगळे. शेवटचं काम पाताळातल्या कुत्र्याला, सर्बेरसला, वर आणण्याचं. तेही उरकून हेराक्लीस घरी येतो. कर्ज फिटलेलं, चाकरी संपलेली, बायकामुलं सुखरूप. वेड नेमकं तेव्हा येतं. प्रायश्चित्ताला जागाच उरत नाही, कारण प्रायश्चित्तात करायचं ते सगळं आधीच करून झालेलं आहे. आता काय? हा प्रश्न घेऊन ते नाटक आपल्यासमोर उभं राहतं आणि हलत नाही.

हा बदल निव्वळ नाट्यमय परिणामासाठी केला असेल असं मला वाटत नाही. ते नाटक बघायला कोण बसलं होतं ते आठवावं. अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध 431मध्ये सुरू झालं होतं आणि ते 404पर्यंत चालायचं होतं. प्रेक्षकांतल्या बहुतेक पुरुषांनी ढाल धरली होती किंवा वल्हं मारलं होतं. अथेन्समध्ये पगारी फौज आणि घरी बसणारा नागरिक असे दोन वेगळे वर्ग नव्हते. नाटकं व्हायची त्या डायोनिससच्या उत्सवात आधी एक सोहळा असे: युद्धात बाप गमावलेली, नगराच्या खर्चाने वाढवलेली मुलं वयात आली की त्यांना पूर्ण चिलखत चढवून प्रेक्षकांपुढून नेत. म्हणजे बाप गेला, आता तुमची पाळी. त्याच रंगभूमीवर, जिवंत परतलेल्या बापाने मुलांचं काय केलं याचं नाटक. एवढं धारिष्ट आज कुठल्या सरकारी महोत्सवात खपेल?

आता युरिस्थिअसकडे वळू. मला या सगळ्या कथाचक्रात हा माणूस सर्वांत ओळखीचा वाटतो. अपोलोडोरसच्या नावाने चालत आलेल्या पुराणसंग्रहात एक तपशील आहे. नेमियाचा सिंह मारून हेराक्लीस परतला तेव्हा राजाने त्याची ताकद पाहिली आणि हुकूम काढला की यापुढे याने नगरात पाऊल टाकायचं नाही. जे काही मारून किंवा पकडून आणशील ते वेशीबाहेरून दाखव. शिवाय स्वतःसाठी जमिनीत काशाचा रांजण पुरून घेतला, भीती वाटली तर लपायला. पुढचे हुकूम तो स्वतः देईना, दूताकरवी पाठवू लागला. ग्रीक कलशांवर हा प्रसंग कितीदा तरी रंगवलेला आहे: हेराक्लीस खांद्यावर रानडुक्कर घेऊन उभा, आणि रांजणातून राजाचं डोकं आणि दोन हात तेवढे बाहेर, ‘नको नको’ करणारे. चित्रकार हसवतोय हे उघड आहे. पण त्या विनोदाच्या पोटात राज्यव्यवहार आहे. काम हवंय, काम करणारा मात्र जवळ नको. मोजदादीतही राजा चोख: दहा कामं ठरली होती, पण जलसर्प मारताना पुतण्याने मदत केली म्हणून ते धरलं नाही, गोठे साफ करताना मोबदला ठरवला म्हणून तेही धरलं नाही. दोन वाढवली. म्हणून बारा. नियमावर बोट ठेवून हक्क नाकारणारा कारकून जगात पहिल्यांदा कुठे दिसला असं कुणी विचारलं तर मी टिरिन्सकडे बोट दाखवीन.

आणि हेराक्लीसचं स्वतःचं गाव, थीब्ज? मिनियन लोकांना थीब्ज दरवर्षी शंभर गुरं खंडणी देत होतं. ती हेराक्लीसने मोडून काढली. त्याबद्दल राजा क्रेऑनने आपली मुलगी मेगारा त्याला दिली. युरिपिडीसचं नाटक उघडतं तेव्हा क्रेऑन मारला गेलाय, लायकस नावाचा उपरा गादीवर आहे, हेराक्लीस पाताळात गेलेला आणि बहुतेक मेलाच असं सगळे धरून चाललेत. मेगारा, तीन मुलं आणि म्हातारा अँफिट्रिऑन, म्हणजे हेराक्लीसला वाढवणारा बाप, झ्यूसच्या वेदीला धरून बसलेत. वेदी सोडली की मरण. घराला कुलूप, अंगाखाली अंथरूणही नाही. अँफिट्रिऑन तिथून जे बोलतो ते फार कडू आहे. या पोरांच्या बापाने जमीन आणि समुद्र निर्धोक केले, आणि आज त्यांच्यासाठी अख्ख्या ग्रीसमधून एकही माणूस भाले घेऊन येत नाही. थीब्जमधून मदतीला कोण येतं? म्हाताऱ्यांचा कोरस, काठी टेकत. ते गाणं गातात. हेराक्लीसच्या पराक्रमांचं लांबलचक, अतिशय सुंदर गाणं. त्याच्या मुलांना मारायला नेण्याची तयारी चाललेली असताना गौरवगीत चालू आहे. युरिपिडीसने हे मुद्दाम शेजारी शेजारी ठेवलंय, याबद्दल मला शंका नाही.

तेवढ्यात हेराक्लीस येतो. मुलांच्या अंगावर मरणाचे कपडे, डोक्यावर प्रेताला घालतात तशी फुलं. तो विचारतो, हे काय? आणि कळल्यावर म्हणतो, फेका ती फुलं. मुलं त्याच्या कपड्याला लोंबकळतात, सोडायला तयार नाहीत. तो म्हणतो, चला, मोठं गलबत होड्यांना ओढून नेतं तसा मी तुम्हाला ओढून नेतो. मला लेकरांची लाज नाही, श्रीमंत असो की गरीब, लेकरांवर जीव सगळ्यांचाच. जगातल्या सगळ्यांत बलवान माणसाच्या तोंडी आलेलं हे वाक्य मला फार आवडतं, आणि ते वाचताना पुढचं माहीत असल्याचा त्रासही होतो.

पण त्याआधी तो आणखी एक भाषण करतो, ज्याकडे वाचकाचं दुर्लक्ष होतं. पूर्ण शुद्धीत असताना तो सांगतो: लायकसचं मुंडकं कापून कुत्र्यांपुढे टाकीन, आणि माझे उपकार विसरलेल्या थीब्जच्या लोकांना या गदेने आणि या बाणांनी असं झोडपीन की इस्मिनस नदी प्रेतांनी भरेल. कोरसला यात काही वावगं वाटत नाही. लायकस आत जातो, किंकाळी ऐकू येते, म्हातारे नाचतात. प्रेक्षकही सुखावले असतील, दुष्ट मेला. मग घटका-दोन घटकांत त्याच हातांनी, त्याच धनुष्याने, त्याच गदेने मुलं मरतात. पहिल्या हिंसेला टाळ्या दिलेल्या प्रेक्षकाला दुसऱ्या वेळी हात लपवायला जागा उरत नाही.

वेडाचं वर्णन एक सेवक येऊन करतो. लायकसच्या रक्ताचा विटाळ धुवायला घरात होम मांडलेला. मुलं बापाभोवती. पूजेची टोपली फिरवून झाली, आणि जळतं लाकूड पाण्यात विझवायला हात पुढे करता करता हेराक्लीस थांबतो. गप्प. मुलं वर बघतात. त्याचे डोळे फिरतात, दाढीवर फेस. मग तो हसतो आणि म्हणतो, बाबा, आधी युरिस्थिअसला मारू आणि मग एकदमच हात धुऊ, दोनदा कशाला. नसलेल्या रथात चढतो, नसलेला आसूड उडवतो. घरातले नोकर अर्धवट हसतात, अर्धवट घाबरतात. धनी थट्टा करतोय की खरंच गेलाय डोक्यातून? एका दालनातून दुसऱ्यात जाऊन सांगतो की आपण आता मायसीनीला, युरिस्थिअसच्या नगराला, पोचलो. तिथे त्याला समोर दिसतात ती शत्रूची मुलं. एक खांबाआडून बाणाने जातं. दुसरं वेदीखाली दबून बसलेलं, धावत येऊन त्याच्या हनुवटीला हात लावतं: बाबा, मी तुमचा, युरिस्थिअसचा नाही. ते इतकं जवळ आलेलं असतं की बाण लावायला अंतर नाही, म्हणून गदा. तिसऱ्याला घेऊन मेगाराने दार लावलेलं. दार उखडून एकाच बाणात आई आणि मूल.

हेराने वेड पाठवलं, हे या कथेचं अधिकृत स्पष्टीकरण. नाटकात तर वेडाची देवता लिस्सा स्वतः रंगमंचावर येते, आणि ती चक्क हरकत घेते: हा माणूस चांगला आहे, याच्यावर मला सोडू नका. वेडालाच विवेक, आणि हुकूम देणारीला नाही. पण हेराने वेड पाठवलं असेल तरी त्यात भरलेला माल हेराचा नाही. रथ, प्रवास, झुंज, शत्रूचं घर, शत्रूचा वंश संपवणं, ही सगळी हेराक्लीसची रोजची कामं आहेत. वेडात तो नवं काहीही करत नाही. वर्षानुवर्षं जे केलं, ज्याची वाहवा झाली, तेच करतो. फक्त पत्ता चुकतो. ‘वेशीबाहेर दाखव’ म्हणून ज्याला बजावलं होतं ते त्याच्यासोबत उंबरठ्याच्या आत आलं. येणारच होतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. हेराक्लीस आधीपासूनच तसा होता, पराक्रमांनी त्याला बिघडवलं वगैरे काही नाही. पोरवयात त्याने संगीत शिकवणाऱ्या लायनसला वाद्य डोक्यात घालून मारलं. खंडणी मागायला आलेल्या मिनियन दूतांचे नाक-कान कापून त्यांच्याच गळ्यात बांधले. इफिटस हा तर त्याच्या घरी आलेला पाहुणा, त्याला ठार केलं. ‘ओडिसी’त होमर यावर स्पष्ट नापसंती दाखवतो. मग अशा माणसासाठी समाजाला दोष कशाला? शिवाय या ‘समजून घेण्याला’ एक विषारी टोक आहे. बायकोला मारणाऱ्या प्रत्येकाबद्दल शेजारी म्हणतातच, कामाचा ताण होता हो, माणूस तसा चांगला. वीराच्या जखमा दाखवत दाखवत आपण मेगाराला दुसऱ्यांदा पुरतो.

हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. माणूस मुळात हिंसक असेल. पण लायनसच्या खुनानंतर काय झालं ते पाहा: स्वसंरक्षणाच्या कायद्याचा दाखला देऊन तो सुटला आणि बापाने त्याला गुरं राखायला रानात धाडलं. नाक-कान कापल्यावर काय झालं? राजकन्या मिळाली. तापट पोराच्या रागाला उपयोगाची दिशा देऊन त्याच्यावर शिक्का मारणारं कुणीतरी होतं. आक्षेपाच्या दुसऱ्या भागाबद्दल मात्र मी पूर्ण सहमत आहे, आणि माझा राग तिथेच आहे. मेगाराला विसरायला लावणारी गोष्ट करुणेतून येत नाही, ती येते गौरवातून. वीराला देव केलं की त्याच्या घरात मेलेल्यांना नावं उरत नाहीत. युरिपिडीसने मुलांना नावं दिली नाहीत. अपोलोडोरसच्या संग्रहात ती आहेत: थेरिमॅकस, क्रेऑन्टिअडीस, डिकूऑन. बारा पराक्रम पाठ असलेल्या किती जणांना ती ठाऊक असतील?

घरात राहणाऱ्या बाईची बाजू सोफोक्लीस या दुसऱ्या नाटककाराने दाखवली, हेराक्लीसच्या दुसऱ्या बायकोच्या, डिआनिराच्या, तोंडून. ती सांगते, लांबच्या रानातला शेतकरी आपल्या शेताला पेरणीला एकदा आणि कापणीला एकदा भेटतो, तसा हा मुलांना बघतो. कुठलाही टाहो नाही, साधी तक्रार. पंधरा महिने त्याचा निरोप नाही. शेवटी त्याचं प्रेम परत मिळावं म्हणून तिने पाठवलेल्या झग्यात विष निघतं, कारण ज्या रक्ताने तो माखला ते त्याच्याच विषारी बाणाने मेलेल्याचं होतं. त्या जलसर्पाच्या विषात बुडवलेले बाण वर्षं उलटल्यावर आणि एका बाईच्या भाबडेपणातून फिरून त्याच्याच कातडीत शिरले. ती जीव देते. तो एटा पर्वतावर चितेवर चढतो.

वीराच्या मनाच्या या मोडतोडीला नाव द्यायला जगाला किती वेळ लागला, तेही बघण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, तोफांच्या भडिमारात सुन्न झालेल्या सैनिकांसाठी ब्रिटिश डॉक्टरांनी ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. त्याच युद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या 306 जणांना माफी मिळाली ती 2006मध्ये. व्हिएतनामवरून परतलेल्यांच्या रेट्यामुळे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आघातोत्तर ताणाचा विकार आला 1980 साली.

त्या महायुद्धाच्या शिळा आपल्याकडेही आहेत. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत भिंतीत बसवलेली दगडी पाटी सापडते: या गावातून इतके पुरुष 1914 ते 1919च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुठल्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि कैद झाल्या, हे इतिहासात सापडतं. पण पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला तर जे उरतात, ते परत आले आणि या घरांत राहिले. रात्री कोण ओरडत उठलं, कुणाच्या बायकोने काय सोसलं, कोण पुन्हा कधी बोललाच नाही, यासाठी पाटीवर ओळ नाही. गेलेल्यांना आणि मेलेल्यांना मोजलं, परतलेल्यांना गृहीत धरलं.

युरिपिडीसच्या नाटकाचा शेवटचा भाग या परतलेल्यांचा आहे, आणि तोच मला धोरणाच्या भाषेत वाचावासा वाटतो. हेराक्लीस शुद्धीवर येतो तेव्हा मोडक्या खांबाला दोरांनी बांधलेला असतो. सभोवती बाण पडलेले दिसतात आणि तो विचारतो, मी परत पाताळात आलो की काय? अँफिट्रिऑन हळूहळू सांगतो. मग मरायचं, एवढंच त्याच्या मनात. त्यात अथेन्सचा राजा थिसिअस येतो. हेराक्लीस डोक्यावरून कपडा ओढून घेतो; आपल्या विटाळाची सावली मित्रावर पडू नये म्हणून. ग्रीक धर्मसमजुतीत खुनाचा विटाळ स्पर्शाने, नजरेने लागतो. थिसिअस तो कपडा काढतो. नंतर हात पुढे करतो. हेराक्लीस म्हणतो, जपून, तुझ्या कपड्यांना रक्त पुसलं जाईल. थिसिअस म्हणतो, पूस, सगळं पूस, मी नाही म्हणत नाही. रांजणात लपणाऱ्या राजाच्या अगदी उलटं हे टोक आहे.

त्यापुढे थिसिअस काय देऊ करतो ते क्रमाने ऐकावं. थीब्ज सोड, कायदा आहे. अथेन्सला चल, तिथे हात शुद्ध करून घेऊ. राहायला घर. माझ्या संपत्तीत वाटा. नगराने मला दिलेल्या जमिनी आता तुझ्या नावाने ओळखल्या जातील. आणि सगळ्यांत शेवटी, तू मेल्यावर, नैवेद्य आणि दगडी स्मारकं. शिक्षा आहे, हद्दपारी आहे; गुन्हा झालाच नाही असं कुणी म्हणत नाही. पण त्याबरोबर उपचार, निवारा आणि उपजीविका आहे. स्मारक यादीच्या तळाला. आपली यादी तिथूनच सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते.

या प्रसंगात एक जागा अशी आहे जिथे थिसिअसही घसरतो. हेराक्लीस निघताना रडतो, पुन्हा एकदा मुलांकडे वळतो, बापाला मिठी मारतो. थिसिअस म्हणतो, असा बायकी झालेला तुला कुणी पाहिलं तर नाव ठेवतील. हेराक्लीस उलट विचारतो: तू पाताळात अडकला होतास तेव्हा तुझी काय अवस्था होती? थिसिअस प्रामाणिक आहे: तेव्हा माझं धैर्य पार गळालं होतं. बस, संपलं. मर्दाने रडू नये या उपदेशाचा याहून थोडक्यात केलेला पराभव मी वाचलेला नाही.

आणि ती शस्त्रं. धनुष्य बरोबर घ्यावं की टाकावं यावर हेराक्लीस अडतो. तो म्हणतो, ही माझ्या कुशीला घासतील आणि म्हणत राहतील, आमच्याच साहाय्याने तू बायकामुलं मारलीस, आम्हालाच जवळ बाळगतोस. तरी तो ती घेतो. टाकली तर शत्रू मारतील. यात कुठेही समेट नाही. शस्त्र टाकून साधू झालेला वीर प्रेक्षकाला हलकं करतो. हा करत नाही. ज्या ताकदीने घर संपलं तिच्यासकट जगायचं आहे, तिच्यावर आपणही अवलंबून आहोत, हे कबूल करूनच पुढची व्यवस्था लावावी लागते.

थोडं तिरकस बघितलं तर थिसिअस हा अथेन्सच्या आत्मस्तुतीचा पुतळा आहे, हेही म्हणायला हवं. तो येतो तो उपकार फेडायला, कारण हेराक्लीसने त्याला पाताळातून सोडवलेलं. म्हणजे ही मैत्रीची परतफेड झाली, नगराचं धोरण नव्हे. आणि याच अथेन्सने इ.स.पू. 416मध्ये मेलोस बेटावरच्या प्रौढ पुरुषांची कत्तल केली, बायकामुलं गुलाम म्हणून विकली. ज्यांनी ती केली ते परत येऊन याच नगरात कुणाचे तरी बाप होते. थिसिअसचा मोठेपणा चांगला, पण तो एका राजाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. मित्र नसलेल्या शिपायाचं काय? त्याच्यासाठी सक्तीची, लाज न वाटणारी, नोकरीत खोट न येणारी मानसोपचाराची सोय हवी. त्याच्या घरातल्या बाईला धोका वाटला तर तिने कुणाच्या ‘शौर्याची बदनामी’ न मानता थेट जाता येईल असं ठिकाण हवं, आणि ते त्याच्या वरिष्ठांच्या हाताखाली नको. हा खर्च सैन्याचा किंवा पोलिसांचा म्हणून बाजूला टाकता येत नाही. हुकूम ज्यांच्या नावाने निघतात त्या सगळ्यांचा तो आहे.

असं बोललं की सैनिकाचा अपमान होतो, असं काही जण लगेच म्हणतील. थीब्जच्या लोकांना तसं वाटलेलं दिसत नाही. ग्रीक कवी पिंडारच्या एका विजयगीतात उल्लेख आहे की तिथे इलेक्ट्रन दरवाजाबाहेर मेगाराच्या मेलेल्या मुलांसाठी (त्याच्या हिशेबाने ती आठ) रात्रभर अग्नी पेटता ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी खेळांच्या स्पर्धा होत. सहाशेहून अधिक वर्षांनी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, पॉसेनिअस हा प्रवासी थीब्जला आला तेव्हा त्याला त्याच भागात हेराक्लीसचं देऊळ दाखवलं, त्याच्या मुलांची समाधी दाखवली, आणि एक दगडही: वेडात बापावर धावून गेलेल्या हेराक्लीसला थांबवायला अथीना देवीने फेकलेला. थीब्जकरांनी वीराची पूजा सोडली नाही, मुलांचीही नाही, आणि त्याला रोखावं लागलं होतं याचा पुरावा देवळाजवळून हलवला नाही.